काळ्या गाडीचं आणि पाटल्यांचं काय करायचं ते

काल आधी आला तो परशुराम, माझ्या दिराचा मुलगा, लोटे गावातल्या कंपनीत असतो तो. येताना केळ्यांची फणी घेऊन आला. आमच्या परसात केळी आहेत हे त्याला माहीत आहे. तासाभराने चिपळूणच्या एस्टीने माझा मुलगा श्रीपती आणि सून हेमा उतरली. ठरवून आलो नाही म्हणाले. पण चपला काढायच्या आधी दोघा पुरुषांनी मांडवातल्या गाडीकडे एकसारखंच बघितलं. तेव्हाच ठरवलं, हा कागद आता लांबवायचा नाही.

तर मी, राही काशीराम पिलणकर, वय सत्तरीच्या पुढे (किती पुढे ते आईला माहीत होतं), शिक्षण दुसरी, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावली ती लागू पडलेली नाही. कालपासून मी फार खुशीत आहे. हे लिहायची गरज नाही असं वकील म्हणाले, पण मरणार मी आहे.

१. घर, परसू आणि माड श्रीपतीला. तो माडांना पाणी घालणार नाही हे मला माहीत आहे. एकुलता आहे, इलाज नाही.

२. पोस्टात आहे ते माझ्या तेराव्याला. जेवणात वडे असावेत. उरेल ते देवळाच्या दिव्याला.

३. माझी नारळाची खवणी शेजारच्या मथुरेला. ती तिच्याकडेच आहे, धाकट्याच्या बारशाला नेलेली. धाकटा आता मिशी ठेवतो. मथुरेला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याने सही करू नये असं वकिलांनी सांगितलं. तिला विचारलं, सही की खवणी? ती खवणी म्हणाली.

४. आता गाडी. काळी अँबॅसिडर. ह्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली आणि आमच्या बाजूच्या अर्ध्या नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. हे असताना मला तिला हात लावायची मनाई होती. म्हणायचे, "काळा रंग सगळं दाखवतो. तुझ्या बांगड्यांचे ओरखडे उठतील." मी म्हणायची, "मग बांगड्या कुणाच्या नावाने घातल्यात?" यावर ते बॉनेट पुसायचे.

हे गेले. बायकांनी माझे हात मोकळे केले, रडल्या, मीही रडले. कार्य आटोपलं आणि त्याच मोकळ्या हातांनी मी फडकं घेतलं. मथुरा म्हणाली, "अगो, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "पॉलिश बरं झालंय म्हणतील." तसंच म्हणाले. तेव्हापासून मी तोंड बॉनेटमध्येच बघते. घरातल्या आरशात सुरकुत्या फार.

काल जेवण झाल्यावर परशुराम म्हणाला, "काकी, गाडी मला दे. पांढरी करून घेतो, काळी तापते. साहेबलोकांना फिरवीन." श्रीपती म्हणाला, "आई, ती घरातच राहिली पाहिजे. रंग मीपण पांढराच देणार, ती गोष्ट वेगळी."

मी म्हटलं, "रंगाचं मागाहून. आधी एकेक दार चमकवून दाखवा."

परशुरामने कोरड्या फडक्याने सुरुवात केली. आमची तांबडी धूळ म्हणजे काचकागद, आधी पाण्याने उतरवायची असते. शिवाय बोटात पुष्कराजाची अंगठी. एक लांब रेघ उठली. "आधीचीच असेल," म्हणाला. श्रीपतीने धुतलं, पण गाडी उन्हात ओढली आणि पुरणपोळीवर तूप थापावं तसं मेण थापलं. मेण बोटभर घ्यायचं, सावलीत पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं, आणि हात सरळ न्यायचा, नाहीतर चकल्या उमटतात. त्याचं मेण वाळून बसलं. मग जोर करून घासताना घड्याळाचा पट्टा लागला. दुसरी रेघ.

हेमाला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचं माझं फारसं जमत नाही. तिची सोलकढी पातळ असते. सांगितलं तर "हो आई" म्हणते आणि पुन्हा पातळच करते. ती उठली, माझं जुनेर मागून घेतलं, पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांवर गच्च गुंडाळल्या. मंगळसूत्र पाठीवर टाकलं.

श्रीपती म्हणाला, "त्यापेक्षा काढून ठेव ना."

"सासूसमोर हात मोकळे करू? बांधले की झालं."

बांधले की झालं! इतक्या वर्षांत हे ना ह्यांना सुचलं, ना मला. मला इतकं हसू आलं की परशुरामने पाणी आणून दिलं.

गाडी परत सावलीत घेऊन हेमाने तिसरं दार केलं. दाराच्या फटीत राहिलेलं मेण काडीला फडकं गुंडाळून काढलं. मी वाकून बघितलं, तर दारात दोन तोंडं, दोन्ही स्वच्छ. विचारलं, "हेमा, तू कुठला रंग देशील गो?"

"आहे त्याला काय झालंय?"

म्हणून गाडी हेमाला. श्रीपतीला नाही, हेमा श्रीपती पिलणकर हिला. तिच्या हयातीत गाडी काळीच राहावी. आंब्याखाली उभी करू नये, चीक पडतो. पेटीतल्या माझ्या सोन्याच्या पाटल्याही तिलाच. त्या विकून तिने मोटार चालवायला शिकावं. गाडी पुसताना घालायच्या नाहीत, तर ठेवून करायचं काय?

५. पुढच्या डाव्या दारावरचा ओरखडा परशुरामला आणि मागच्या डाव्या दारावरचा श्रीपतीला दिला आहे. ज्याने त्याने येऊन बघावा. घासून काढू नये.

सोलकढीबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

सही: राही काशीराम पिलणकर
साक्षीदार: शिवा गोविंद मयेकर, मोटार मेकॅनिक
साक्षीदार: सगुणा दत्ताराम भाटकर, यांना काहीही दिलेलं नाही
नाचणे, रत्नागिरी. सोमवार, ६ जानेवारी १९८६

सही झाल्यावर वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. मला त्याआधी रविवार आहे. काल जाताना दोघे पुरुष म्हणून गेले, येत्या रविवारी गाडी रंगवाल्याकडे नेतो. म्हणून किल्ली मी कालच हेमाच्या पर्शीत घातली. तिने बघितली आणि पर्स मिटली. चपला घालायला मागे राहिली तेव्हा हळूच म्हणाली, "आई, मी शुक्रवारी येते. एकटीच. चौथं दार राहिलंय."