माझ्या मापाचे बूट

प्रिय तोरग्रिमदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र आधी बाजूला ठेवशील, कॉफी घेशील, मग उघडशील, हे मला ठाऊक आहे. उघड. भांडायला लिहिलेलं नाही. निदान नुसतं भांडायला नाही. आईच्या माघारी तू तुझ्या वाट्याचा उतार स्की केंद्राला देऊन टाकलास, त्यांनी तिथे उड्या मारायचं ते पार्क उभं केलं, आणि तेव्हापासून आपण दुकानात समोरासमोर आलो तरी एकमेकांच्या टोपीकडे बघून पुढे जातो. त्या पार्कात मी पाय ठेवणार नाही, असं चारचौघांत म्हणालो होतो. गेल्या शनिवारी ठेवला. तो मी आपणहून ठेवला की तू ठेवायला लावलास, एवढं मला कळलं पाहिजे.

तीरिलला तू ओळखतोस. नाही म्हणू नकोस, उन्हाळ्यात ती तुझ्या शेजारच्या गोठ्यावर कामाला असते. हिवाळ्यात पार्कातले बर्फाचे उंचवटे रचायचं काम तिच्याकडे. मागच्या आठवड्यात ती माझ्या पडवीत स्कीची मोडलेली पकड घेऊन आली. पकड टेलेमार्कची, टाच मोकळी ठेवणारी. मला तिथेच संशय आला. तिच्या वयाची पोरं टाचा घट्ट आवळून त्या लोखंडी कठड्यांवरून घसरतात आणि हवेत कोलांट्या घेतात. आपल्यासारखं एक पाय मागे टाकून, गुडघा वाकवून वळणं घेणारं त्यांच्यात कोण आहे? शिवाय पकड मोडली नव्हतीच. एक स्क्रू व्यवस्थित काढून घेतलेला होता. मी दुसरा बसवून दिला. जाता जाता ती सहज म्हणाली, की शनिवारी पार्कात डुगनाड आहे, फावडं घेऊन याल ना काका?

आता डुगनाडला नाही कोण म्हणेल? गावाचं काम, सगळ्यांनी मिळून फुकट करायचं, आणि जो येणार नाही त्याचं नाव म्हातारपणापर्यंत निघत राहतं. मला त्या जागी न्यायचं तर हाच एक शब्द होता. तो त्या पोरीला आपोआप सुचला, असं मला वाटत नाही.

शनिवारी फावडं खांद्यावर टाकून गेलो, तर डुगनाडला आलेला मी एकटाच. दादा, आपल्या गावचा डुगनाड, आणि माणसं नाहीत, गरम वाफल भाजल्याचा वास नाही, पाठीमागे हात बांधून सूचना देणारा एकही म्हातारा नाही! बाकीचे कुठे आहेत विचारलं तर तीरिल म्हणाली येतील, आणि घाईघाईनं बर्फ उकरायला लागली. पार्कातल्या उपाहारगृहातली बोरघिल्ड कपबशांचा ट्रे घेऊन बाहेर, खिडकीच्या काचेला पाठ लावून उभी होती. कप रिकामे होते. मी एका बाजूला सरकलो तर तीही सरकली. मी पुन्हा जागेवर आलो, तीही आली. तेव्हाच फावडं उचलून घरी यायला हवं होतं.

पण बाकावर बूट ठेवले होते. टेलेमार्कचे, जुने पण तेल लावून मऊ केलेले, आणि शेजारी स्की. कुणीतरी विसरून गेलंय, असं तीरिल म्हणाली, बघा तुम्हाला होतात का. मी पाय घातला, तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. उजव्या अंगठ्याचं माझं हाड वर आलेलं आहे, आणि नेमकं तिथलंच कातडं आतून ठोकून फुगवलेलं होतं. असा विसराळू माणूस मला भेटायलाच हवा, असं मी म्हणालो. तीरिलला एकदम खोकला आला.

पुढचं तुला सांगायची गरज आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगतो. सगळ्यात बुटक्या उंचवट्यावरून उडालो आणि थेट कुशीवर आलो. चार पोरं वर थांबून बघत होती. ती हसतील म्हणून मी कान टवकारले, तर टाळ्या वाजवल्या. तेही मला खोटंच वाटलं. दुसऱ्यांदा गेलो. हवेत असताना, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलेलं नव्हतं. उतरताना मात्र मागचा गुडघा जुन्या खोडीप्रमाणे पार बर्फाला टेकला आणि मी तोंडावर गेलो. तेव्हा तीरिल खालून ओरडली, "काका, प्रार्थना नंतर करा, आधी उतरा!"

मी तसाच पडून राहिलो. हे वाक्य या सगळ्या खोऱ्यात एकाच तोंडातून निघतं. गोठ्याच्या छपरावरून आपण उड्या मारायचो तेव्हा प्रत्येक वेळी तू ते मला ऐकवायचास. मग मी पायांतल्या बुटांकडे नीट बघितलं. ते तुझे होते. लहानपणी तुझे जुने बूट मला यायचे, त्यामुळे माझा पाय त्यांना ओळखतो. आणि दादा, तेव्हा मला राग आला नाही, भीती वाटली. तू अंगातला सदरा काढून दिला असतास, पण हे बूट कधी दिले नसतेस.

तीरिलला मी सरळ विचारलं. तिनं हातमोज्यावरचा बर्फ झटकला. मग म्हणाली, "त्यांनी सांगू नको म्हटलंय. डॉक्टरांनी त्यांचं स्कीइंग कायमचं बंद केलंय. ईस्टरनंतर मुलीकडे स्टावांगरला जाणारेत. मला म्हणाले, टालाक एकटा पडवीत बसून गंजेल. मी जायच्या आत त्याला तुमच्यात आणून सोड. सरळ बोलावलंस तर येणार नाही, त्याला फसवच." तुझं खुब्याचं हाड मोडल्याचं मला दुकानात कळलं होतं. मला वाटलं, बरं होईल. मी खिडकीकडे बघितलं तेव्हा बोरघिल्ड ट्रेसकट बाजूला झाली होती आणि काचेमागची खुर्ची रिकामी होती. कुबड्या घेऊन तू इतक्या चपळाईनं पळालास, याचं मला आश्चर्य वाटतं.

तर पत्राचं कारण असं. तू जायच्या आधी माझ्यासाठी सोबत शोधून ठेवलीस, आणि ती माझ्या पदरात नकळत टाकून निघून जाणार होतास. हे मला मान्य नाही. तीरिल गुणी आहे, पण तिच्यात एक खोट आहे: मी कसाही पडलो तरी ती छान म्हणते. शिव्या घालणारं कुणीतरी खाली उभं असल्याशिवाय माझा गुडघा वर येत नाही, कधीच आला नाही. रविवारी सकाळी मी बर्फावरची ढकलगाडी घेऊन तुझ्या दारात येतोय. पांघरूण घे आणि बस. तुला उताराच्या पायथ्याशी नेतो, बोरघिल्डच्या काचेआड नाही. मुलीला कळव की ईस्टर फार लवकर होतो, आपल्याकडे बर्फ मे महिन्यापर्यंत असतो. आणि स्टावांगरला तर तो टिकतच नाही, दादा. तिथे तू ओरडणार कुणावर?

तुझाच,
टालाक