जांभळ्या रेघा

आई,

आज भाचीने उटण्याचं पाकीट आणून माझ्या टेबलावर ठेवलं. तिच्याकडे दादरला राहायला आल्यापासून ती दर दिवाळीला ते आणते आणि मी ते न फोडता शेजाऱ्यांना देऊन टाकतो. मामाला उटण्याचा वास सोसत नाही, एवढंच तिला माहीत. तुला त्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण तेही पुरतं नाही. तू जाऊन तीस वर्षं होत आली. या तीस वर्षांत हे पत्र मी चार-पाच वेळा तरी लिहायला घेतलं असेल, आणि दर वेळी दुसऱ्याच कशाबद्दल लिहून कागद फाडला. आज नेटाने तेवढंच लिहायचं ठरवलं आहे.

तुझ्या सुनेच्या दुखण्याचे ते सहा महिने मला ट्रामच्या खडखडाटासकट आठवतात. गाठ काढून झाली होती, पण दुखणं काखेत आणि खांद्यात पसरलं होतं आणि आता सगळी भिस्त क्ष-किरणांच्या शेकावर होती. आठवड्यातून तीनदा मी तिला गिरगावातून परळच्या हॉस्पिटलात शेक द्यायला नेत असे. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा कुठेतरी दगडफेक म्हणून ट्राम मध्येच उभी. एकदा भायखळ्याच्या पुढे ट्राम जाईना, म्हणून आम्ही उतरून चालत निघालो. ती दहा पावलांवर थांबते आहे, मी उगाच तिची पिशवी या हातातून त्या हातात घेतो आहे. लालबागला रस्ता माणसांनी भरलेला. एका गिरणीकामगाराने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढच्यांना ओरडून सांगितलं, "बाजूक व्हा रे, बाय आजारी आसा." एवढ्या घोषणा देणारी माणसं गप्प होऊन बाजूला झाली. मला तेव्हा रडूच आलं. या सगळ्यांना मुंबई हवी होती आणि त्यासाठी काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. मला एक बाई हवी होती, आणि तिच्यासाठी पिशवी धरण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

तू मात्र कधी रिकाम्या हाताने बसली नाहीस. तुझा सगळा इलाज पाण्याचा. ताप आला, कपाळावर पाण्याची घडी. भांडण झालं, आधी तोंड धुऊन ये. नाक्यावर अश्रुधूर सोडला की माणसं डोळे चोळत आपल्या वाडीत शिरायची आणि तू गॅलरीत बादली घेऊन बसायचीस. कोण कुठला न विचारता एकेकाचं डोकं मांडीशी घेऊन डोळे धुवायचीस. ती आतून गादीवरून हे बघायची आणि म्हणायची, "आईंना सरकारने दवाखानाच काढून द्यायला हवा. फक्त नळाचं पाणी पुरवायचं." तू लटक्या रागाने तिच्याकडे बघायचीस. त्या घरात हसणं उरलं होतं ते तुम्हा दोघींपुरतं. मी तोवर हिशेबनीस झालो होतो. कालपेक्षा आज किती घास गेले, किती वेळा कण्हली.

आणि रेघा जपणं हे माझं दुसरं काम. शेक नेमका कुठे द्यायचा त्यासाठी हॉस्पिटलात तिच्या छातीवर, खांद्याखाली जांभळ्या शाईने रेघा मारल्या होत्या. त्यांना पाणी लावायचं नाही, घासायचं नाही, पुसू द्यायच्या नाहीत. ती बिचारी महिनोन्महिने ओल्या फडक्याने हातपाय पुसून घ्यायची. मी रोज सकाळी पदर बाजूला करून रेघा तपासायचो, ऑफिसात खतावणीतले आकडे तपासावेत तसा. "माझी विचारपूस रेघांनंतर," असं ती एकदा म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं. पण रेघा शाबूत असल्या की मला खरोखरच वाटायचं, आजचा दिवस आपण काहीतरी केलं.

दिवाळीच्या आधीच्या खेपेला डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आत काय झालं ते पुढे लिहितो. बाहेर येऊन तिला सांगितलं, आता सुट्टी, दिवाळीनंतर बघू. घरी आल्यावर तुलाही तेच सांगितलं.

नरकचतुर्दशीची पहाट. मला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने आणि तिच्या हसण्याने. बंब पेटलेला, दाराशी कारीट फुटलेलं, घरभर उटण्याचा आणि शिकेकाईचा वास. मोरीत पाटावर ती बसली आहे, पाटाभोवती तू रांगोळी काढली आहेस, आणि तू तिच्या पाठीला, खांद्याला, मानेला हलक्या हाताने तेल-उटणं लावते आहेस. ती डोळे मिटून, मान मागे टाकून हसते आहे. काखेपाशी तू दुमडलेला पंचा धरला होतास, म्हणजे रेघांची आठवण तुला होती. पण तेल कुठे थांबतं? पंच्याखालून जांभळा ओघळ निघून मोरीत चालला होता.

मग मी काय बोललो ते वाडीने ऐकलं. गॅलरीत कंदील लावणारी माणसं थबकली. "तू मारलंस तिला," मी म्हणालो. "इतके महिने मी जपलं आणि तू एका आंघोळीत मारलंस." तुझा हात उटण्याने माखलेला, तसाच वर राहिला. "मोठ्या सणाला पोरीला पारोशी कशी ठेवू रे?" एवढंच तू म्हणालीस, तेही मला नव्हे, बंबाकडे बघून. ती म्हणाली, "अहो, मीच म्हटलं त्यांना. मला किती बरं वाटतंय, बघा तरी." मी बघितलं नाही.

दुपारी मी ऑफिसातली कॉपिंग पेन्सिल घेतली, जिभेवर ओली केली आणि तिला खिडकीपाशी बसवून आठवतील तशा रेघा पुन्हा मारल्या. माझी जीभ जांभळी झालेली बघून तिला हसू आलं. तू चुलीपाशी पाठमोरी होतीस. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी मी त्या गिरवत राहिलो; परळची खेप मात्र आज नको, उद्या बघू म्हणत टाळत राहिलो. आणि त्या दिवसापासून तू मला विचारल्याशिवाय तिला हात लावला नाहीस. पाणी देऊ का रे तिला? तोंड पुसू का? कूस बदलू का? आपल्याच घरात तू माझी परवानगी मागत फिरलीस, आणि मी देत राहिलो. कधी कधी देतही नसे.

मार्गशीर्षात ती गेली. वाडीतल्या बायका शेवटच्या आंघोळीसाठी जमल्या, तरी तू दारातच उभी. मला वाटलं रडते आहेस. तू हळूच विचारलंस, "आता घालू का रे मी आंघोळ?" मी मान हलवली. मी गिरवलेल्या रेघा तूच धुतल्यास.

मुंबई मिळाली त्या दिवशी वाडीत रोषणाई होती, आठवतं? तू सगळ्यांना पेढे वाटलेस, आणि शेवटी माझ्याजवळ येऊन बसलीस. खाली ताशा वाजत होता. तू म्हणालीस, "त्या रेघा राहिल्या असत्या, तर आज ती हे बघायला असती का रे?" इतक्या काळात पहिल्यांदाच तू ते तोंडाने विचारलंस, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. मी ताशाकडे बघत बसलो. तू उठून आत गेलीस. तू गेलीस तोवर घरात पुन्हा उटणं आलं नाही.

आता डॉक्टरांच्या खोलीबद्दल. ते म्हणाले होते, शेकाचा उपयोग होत नाही, आता थांबवू. महिना, फार तर दोन. त्यांना घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, मनासारखी आंघोळ करू द्या, रेघांची आता गरज नाही. अगदी याच शब्दांत, आई. मला ते चार दिवस आधीच ठाऊक होतं. रेघा गेल्यावर मी गप्प बसलो असतो तर तिला कळलं असतं की सगळं संपलं, म्हणून मी ओरडलो, अशी माझी समजूत मी घालून घेतली. तीही अर्धीच खरी. सहा महिने धडपडून मला जे एकदाही जमलं नाही, ते तू अर्ध्या तासात केलंस. ती हसत होती. ते मला सहन झालं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, नसती. तुझ्यामुळे काहीही झालं नाही. इतकंच सांगायचं होतं आणि त्यानंतर तू आठ वर्षं माझ्यासमोर होतीस.

हा कागद उटण्याच्या पाकिटाखाली ठेवतो आहे. दुसरीकडे कुठे ठेवणार? एक मात्र राहिलं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा तोंडात पेढा होता म्हणून बोलता आलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पेढा हातातच होता, आई.