पंख्याचं इंजिन

हुजैफाभाई,

इंजिनांचं पुस्तक मी घेऊन जातेय. शोधत बसू नकोस. तसंही दोन महिन्यांत तू ते फक्त फोटो काढण्यापुरतं उघडलंस.

काल शेलूच्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "टर्बोप्रॉप म्हणजे जुनाट पंख्याचं इंजिन, त्यात शिकण्यासारखं काय नाय." मी चूक दाखवली तर म्हणालास, "तुला काय कळतंय गं? चहा आण." चहा आणला. आता उत्तर वाच.

टर्बोप्रॉपच्या आत जेटसारखंच इंजिन असतं. तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन पंखा फिरवतं. पण टर्बाइनचा वेग पंख्याला झेपत नाही, म्हणून मधे गिअरबॉक्स लागतो. इंजिन बंद पडलं तर पात्यांची धार वाऱ्याकडे वळवायची, नाहीतर तीच पाती विमानाला मागे खेचतात. एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाच्या भरवशावर उद्या लोक विमानात बसणार, आणि त्याला काळजी फोटोतल्या गॉगलची.

पायलट ट्रेनिंगच्या आजच्या मुलाखतीला या घरातून तू एकटा नाहीस. फॉर्म मीही भरला होता. तुझी वेळ साडेअकराची, माझी बाराची. मी लोधिवलीच्या फाट्यावरून एसटीने जातेय. तिथे दिसलास तरी ओळख दाखवू नकोस, आणि गिअरबॉक्सबद्दल विचारलं तर माझ्याकडे बघू नकोस.

अम्मीला कालच सांगितलं. आज सकाळी लवकर उठून तिने डबा केला. एकच केलाय, आणि तो माझ्या पिशवीत आहे.

नाझिया