सातवीच्या वर्गातले बंद केलेले वेबसाधन आणि पडद्यावर उमटलेल्या एका शब्दाचा खुलासा

प्रति,
मा. विभागीय शिक्षण अधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : विज्ञान शिक्षिका, इयत्ता सातवी.

विषय : बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणारे मोफत वेबसाधन वर्गात पुन्हा सुरू करण्याबाबत, तसेच कार्यशाळेत आपले भाषण चालू असताना पडद्यावर आलेल्या शब्दाबद्दल मागवलेल्या खुलाशाबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस.
२) अर्जदाराची यापूर्वीची पत्रे व आपली उत्तरे (ज्यांत उत्तर नाही).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार सदर शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या नोटिशीत अर्जदारावर 'वरिष्ठांचा सार्वजनिक उपहास' असा ठपका ठेवला आहे. त्याचा खुलासा पुढे येईलच. परंतु खुलासा एका शब्दाचा मागवला असला तरी तो शब्द जिथून निघाला ती हकिगत आधी सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. आपल्याला वाचनाची सवय कमी आहे याची अर्जदारास कल्पना आहे. तरी हे पत्र स्वीय सहायकाकडून सारांश काढून न घेता स्वतः वाचावे, ही विनंती.

२. सदर वर्गात एक मुलगी आहे. तिला घरी आणि वर्गात सगळे मुंगी म्हणतात. तिचे हजेरीतले नाव अर्जदार मुद्दाम लिहीत नाही. ते आपल्या कार्यालयाने तिच्या फोटोसकट बातमीपत्रात एकदा छापले आहे, तेवढे पुरे. मुंगी लहान असताना तापाने आजारी पडली आणि त्यात तिचे कान गेले. बोलणे आधी शिकून झालेले, त्यामुळे ती बोलते स्पष्ट. समोरच्याचे ओठ पाहून बरेचसे ओळखतेही. कानाला यंत्र आहे, पण त्यातून तिला माणसापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. आईवडील नाहीत. आत्या सांभाळते. आत्याचे कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचे दुकान आहे.

अशी मुलगी पन्नास मुलांच्या वर्गात काय करते, हे आपणास माहीत असण्याचे कारण नाही. ती मान डोलावते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, ती त्यांच्या पाठीकडे बघते. शिक्षक वळून विचारतात, "कळलं का?" ती म्हणते, "हो." सगळे हसले की तीही हसते, पण क्षणभर मागाहून, इतरांचे चेहरे बघून. तिच्या मागील वर्षाच्या प्रगतिपत्रकात 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा आहे. शेरा देणाऱ्याचीही त्यात चूक नाही. आपल्याकडे जो काहीच विचारत नाही तो आज्ञाधारकच ठरतो, आणि पुढे बढतीही घेतो.

३. अर्जदाराने या मुलीसाठी बरेच शोधल्यावर एक साधे वेबपान सापडले. नोंदणी नाही, पैसे नाहीत, जाहिरात नाही. पान उघडायचे, कॉलरला छोटा माईक लावायचा आणि बोलायचे. बोललेले शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतात. शाळेचा जुना लॅपटॉप मुंगीच्या बाकावर ठेवला आणि पचनसंस्थेचा धडा सुरू केला. अर्जदार म्हणाली, "आता आपण पचनसंस्था बघू." पडद्यावर आले : 'आता आपण पतसंस्था बघू.' अर्जदार पुढे बोलत राहिली, आणि पडद्यावर अन्न तोंडातून पतसंस्थेत गेले, तिथे त्यावर प्रक्रिया झाली आणि उरलेले बाहेर पडले.

मुंगी फिदीफिदी हसू लागली. वर्गाला कळेना काय झाले. तिने लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवला, मग वर्ग हसला. त्या दिवशी पहिल्यांदा ती आधी हसली आणि बाकीचे मागाहून.

पुढच्या आठवड्यांत जे झाले ते कोणत्याही परिपत्रकाने झालेले अर्जदाराने पाहिलेले नाही. सगळे एकदम बोलले की पडद्यावर नुसता काला होतो, हे मुलांच्या लक्षात आले आणि ती एकेक करून बोलू लागली. पुटपुटणारी मुले मोकळ्या आवाजात बोलू लागली, कारण पुटपुटले की यंत्र भलतेच लिही आणि वर्ग चिडवी. आणि मुंगीने हात वर केला. "बाई, अन्नाची नळी आणि श्वासाची नळी शेजारीशेजारी, मग घासाला कसं कळतं कुठं जायचं ते?" तिने या शाळेत विचारलेला हा पहिला प्रश्न. हा प्रश्न तिच्या मनात किती दिवस अडून बसला होता, कोण जाणे.

४. यानंतर आपले परिपत्रक आले. सर्व मोफत वेबसाधने धोकादायक समजून शाळांच्या इंटरनेट जोडणीवरून बंद करण्यात यावीत आणि केवळ कार्यालयाने विकत घेतलेली अधिकृत प्रणाली वापरावी, असे त्यात होते. परिपत्रक शाळेत पोहोचण्याआधी बंदी पोहोचली. धडा चालू असतानाच पडद्यावरची अक्षरे गेली आणि लाल पाटी आली : 'ही सेवा आपल्या हितासाठी बंद करण्यात आली आहे.' मुंगीने घाबरून दोन्ही हात बाकाखाली घेतले आणि म्हणाली, "बाई, मी नाही कुठं हात लावला."

आपल्या कार्यालयात यावर कोणी काय म्हणाले हे अर्जदारास माहीत नाही. वर्गात एवढेच म्हटले गेले.

५. अधिकृत प्रणालीबद्दलही लिहिणे भाग आहे. ती आपण खरेदी केली, फीत कापली, फोटो काढले. मुलाचे उत्तर बरोबर आले की तिच्यात घंटा वाजते आणि टाळ्या होतात. प्रश्न तोंडी येतो, लिहून येत नाही. मुंगीला प्रश्नच पोहोचत नाही, त्यामुळे उत्तर देता येत नाही. मग प्रणाली तिला पडद्यावर सूचना देते : 'पुन्हा एकदा लक्षपूर्वक ऐका.' ही सूचना लिहून दाखवता येते, प्रश्न मात्र लिहून दाखवता येत नाही. असली वस्तू पसंत करायला समिती बसली होती म्हणतात. बसली होती यावर अर्जदाराचा विश्वास आहे. पाहिले होते यावर नाही.

६. अर्जदाराने रीतसर पत्र देऊन मोफत साधनास परवानगी मागितली. उत्तर आले की साधन मोफत असल्याचा पुरावा म्हणून शून्य रकमेची पावती जोडावी. पैसे घेतलेच नाहीत तर पावती कोण देणार, असे विचारले असता उत्तर आले की मग तीन निरनिराळ्या ठिकाणची दरपत्रके मागवून त्यांतील सर्वांत कमी दर निवडावा. अर्जदाराने तीन मोफत साधनांची माहिती जोडली. त्यावर आपल्या लेखाशाखेने लाल शाईने शेरा मारला : 'तिन्ही दर समान आहेत. संगनमताचा संशय.' हा कागद अर्जदाराने शिक्षककक्षात वाचून दाखवला, तेव्हा गणिताचे गुरुजी पोट धरून बाकावर आडवे झाले. त्यांना त्याआधी कोणी हसताना पाहिले नव्हते; तेवढा उपयोग आपल्या लेखाशाखेचा मान्य करावा लागेल.

७. मग आपण स्वतः तपासणीस आलात. मुंगीला खरोखर गरज आहे काय, हे पाहण्यासाठी तिच्या पाठीमागे जाऊन मोठ्याने विचारलेत, "काय गं बाळ, ऐकू येतं का?" ती वही लिहीत राहिली. आपण पुढे येऊन तोच प्रश्न तिच्या तोंडासमोर विचारलात. तिने आपल्या ओठांकडे बघून नेहमीच्या सवयीने सांगितले, "हो." आपण मुख्याध्यापकांकडे वळून म्हणालात, "म्हणजे येतंय की!" आणि जिना उतरता उतरता, "एका मुलीपायी अख्ख्या विभागाचं जाळं उघडं टाकायचं का?"

मुख्याध्यापकांनी "छे छे" म्हटले. ते आपल्या प्रत्येक वाक्याला तसेच म्हणतात, तेव्हा तो पाठिंबा समजू नये.

त्या भेटीचा निष्कर्ष म्हणून मुंगीला लांबच्या निवासी शाळेत पाठवावे, असे आपल्या कार्यालयाने ठरवले. तिच्या हितासाठी. पोर घरापासून तोडायचे, कारण एक वेबपान उघडायचे नाही. संमतिपत्रावर सही करायला आत्याला बोलावले. ती दुकानातून तशीच, हातांना साबणाचा वास असलेली आली आणि आपल्या केबिनबाहेर दुपार उलटेपर्यंत बसली. आपल्या कारकुनाने कागद पुढे सरकवून बोट ठेवले आणि म्हटले, "इथं करा सही. वाचायला नको, सगळं ठीक आहे." आत्या तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसली. मग म्हणाली, "मला वाचता येतं, म्हणूनच करत नाही." आणि कागद तिथेच ठेवून निघून गेली. आपल्या नोंदीत याला 'पालकाचे असहकार्य' म्हटले आहे. अर्जदार याला काय म्हणते ते अर्जात लिहिण्याची पद्धत नाही.

८. आता कार्यशाळेकडे येऊ. विषय आपणच ठरवलात : 'मोफत वेबसाधनांच्या साहाय्याने वर्गाध्यापन'. जी साधने आपण बंद केलीत त्यांच्याविषयी आपणच मार्गदर्शन करणार होतात. वरून पाहुणे येणार म्हणून तेवढ्या सभागृहापुरती बंदी त्या दिवशी उठवण्यात आली. अर्जदारास प्रात्यक्षिक दाखवण्याचा आदेश आला आणि मुंगीला पहिल्या रांगेत बसवण्याचाही, कारण फोटोत तशी मुलगी हवी होती. आत्याने तिला पाठवले, ते अर्जदाराच्या शब्दाखातर.

अर्जदाराने माईक लावताना आपणास विनंती केली होती, "साहेब, जरा सावकाश बोला आणि माईक तोंडापासून थोडा लांबच राहू द्या." आपण म्हणालात, "बाई, मला बोलायला शिकवू नका." ही आज्ञा अर्जदाराने पाळली. मग आपण छातीवर हात ठेवून म्हणालात, "मी या शिक्षणक्षेत्राचा एक नम्र सेवक आहे." मागच्या पडद्यावर वीतभर उंचीच्या अक्षरांत आले : 'मी या शिक्षणक्षेत्राचा एक नम्र शेवट आहे.'

सभागृहात हशा पिकला. आपली पाठ पडद्याकडे होती. वाक्य लोकांना आवडले असे समजून आपण ते पुन्हा, अधिक जोरात म्हटलेत. पडद्यानेही ते पुन्हा, तसेच लिहिले. पाहुण्यांनी चष्मा पुसला. मुख्याध्यापक "छे छे" म्हणाले.

९. नोटिशीनुसार खुलासा पुढीलप्रमाणे : सदर यंत्र जे ऐकते ते लिहिते. त्याला पद, वेतनश्रेणी आणि बदलीची भीती नाही. अर्जदाराने त्याला काहीही शिकवलेले नाही. 'सदर शब्द यंत्राच्या चुकीने उमटला' असे प्रमाणपत्र अर्जदाराने द्यावे, अशी आपली मागणी आहे. अर्जदार विज्ञानाची शिक्षिका आहे. एक प्रयोग त्याच परिस्थितीत दोनदा झाला आणि दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आला. अशा वेळी चूक म्हणून लिहून देणे तिच्या विषयात बसत नाही. सबब प्रमाणपत्र देता येत नाही. वेतनवाढ रोखायची असल्यास रोखावी.

१०. कार्यशाळा संपताच बंदी पुन्हा लागू झाली. दुसऱ्या दिवसापासून अर्जदार स्वतःच्या मोबाइलच्या जोडणीवर ते वेबपान वर्गात उघडते, हे येथे लेखी कबूल करण्यात येते, म्हणजे आपणास चौकशी समिती नेमण्याचा त्रास नको. मुंगी याच शाळेत आहे आणि आत्याची सही मिळणार नाही. रक्ताभिसरणाचा धडा चालू आहे.

११. विनंती एकच उरते, आणि ती परवानगीची नाही. काल मुंगीने विचारले, "बाई, साहेब 'नाही' का म्हणतात?" एवढा पत्रव्यवहार करूनही अर्जदारास याचे उत्तर देता आले नाही, आणि बनवून सांगण्याची तिची इच्छा नाही. तरी ते कारण आपण स्वतः वर्गात येऊन तिला सांगावे. तिच्यासमोर बसावे. तोंड उजेडाकडे ठेवावे, हात ओठांवर नेऊ नये, सावकाश बोलावे. तिला सगळे कळेल. फक्त येण्यापूर्वी ते कारण एकदा घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहावे आणि म्हणवले, तरच यावे.

नियमास आवश्यक तेवढीच नम्र,

(सही)
विज्ञान शिक्षिका, इयत्ता सातवी

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा अखेरचा दिवस.

सोबत : काही नाही. जोडण्यासारखे सर्व कागद आपल्या कार्यालयातच पडून आहेत.