टोचलं का?

सोमवार

आले बाई एकदाची लेकीच्या घरी राहायला. तीन मजले चढून पायांना अशा मुंग्या आल्या की वाटलं, साखरेचं पोतं समजून चढताहेत. जावई अदबीने म्हणाले, आई, सोफ्यावर टेका. टेकले, तर त्याचं कापड बोचलं. नातीला जवळ ओढलं, तर तिच्या वेणीतला आकडा खुपला. जावयांची दाढी बघून तर त्यांना जवळ घ्यायचा विचारच सोडला. लेक गेल्यापासून वस्तरा लावलेला दिसत नाही.

हे सगळं नात लिहून घेतेय. तिला आम्ही बिट्टी म्हणतो. मला अक्षर म्हणजे कागदावर निघालेली मुंग्यांची रांग; कुठून निघाली, कुठे चालली, काही कळत नाही. बिट्टी म्हणाली, आजी, तू बोल, मी लिहिते. कमी बोलायची अट घातलेली नाही, तिचं तिने बघावं.

मंगळवार

आज लेकीची शिवणाची खोली उघडली. खिडकीशी मशीन, मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी आणि खुर्चीवर बिट्टीचा पिवळा फ्रॉक, अर्धा टाचलेला.

शिवणकाम तिला मीच शिकवलं. आमच्या घरचा नियम असा, की टाचण्या लावताना दर वेळी विचारायचं, टोचलं का? आणि लावणाऱ्याने "झालं, काढ" म्हटल्याशिवाय घालणाऱ्याने जागचं हलायचं नाही. म्हणायचं कुणी, तर लावणाऱ्याने, नाहीतर त्याला शिकवणाऱ्याने.

हा फ्रॉक टाचता टाचताच लेक कोसळली. संध्याकाळी जावई कामावरून आले तेव्हा बिट्टी तशीच उभी होती. अंगावर टाचण्या, पायाशी आई. का हलली नाहीस विचारलं, तर म्हणाली, आई "काढ" म्हणालीच नाही.

लिही ग, लिही. मी रडत नाहीये. चष्मा टोचतोय.

बुधवार

आज हसलो जरा. बिट्टीला शाळेत शब्द गोळा करायला सांगितलेत. म्हटलं, टोचण्याचे माझ्याकडून घे, माझी सारी हयात सुयांत गेली. सुई टोचते, घामोळं चुरचुरतं, गळू ठुसठुसतं. पायमोज्यात कुसळ गेलं की खुपतं. नणंद बोलली की बोचतं. आणि सलतं म्हणजे काय, तिने विचारलं. म्हटलं, जे आत मोडून राहिलं, ते.

तो शब्द तिने शाळेच्या वहीत घेतला नाही.

गुरुवार

फ्रॉक पुरा करायचं मनावर घेतलं. बिट्टीला दुपारी खिडकीशी उभं करून घातला. मी खाली घेर दुमडत होते. दातांत टाचण्या होत्या, त्यामुळे घरात शांतता होती, असं जावई म्हणाले असते. तेवढ्यात बिट्टी हळूच म्हणाली, नाही टोचलं.

मी काही विचारलंच नव्हतं.

वर बघितलं. खांद्याच्या शिवणीवर ओळीने नव्या टाचण्या होत्या. माझे दोन्ही हात तिच्या घोट्यांशी होते.

शनिवार

फ्रॉक काढून पेटीत ठेवला. तरी काल दुपारी बिट्टी शाळेच्या कपड्यांतच खिडकीशी जाऊन उभी राहिली. ओढलं, हलेना. आपोआप सुटली तेव्हा अंगावर ठिपके होते. लाल, सारख्या अंतरावर, काखेपासून मनगटापर्यंत. बाहीची शिवण येते तिथेच.

आता तिच्या बोटांना झिणझिण्या येतात. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या. जावयांनी ठिपके पाहिले आणि भिंतीला टेकून बसले. तेही लेकीच्या हातची सफाई ओळखतात.

सोमवार

बिट्टीला विचारलं, कोण येतं ग? म्हणाली, दिसत नाही, फक्त विचारते. दर टाचणीला विचारते.

मग तू काय म्हणतेस?

नाही म्हणते. टोचलं तरी नाहीच म्हणते. नाहीतर आईला वाईट वाटेल.

माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याखाली — ते लिहू नकोस.

मंगळवार

बिट्टीचा उजवा हात कोपरापर्यंत बधिर. पोर डाव्या हाताने लिहितेय. अक्षरं वाकडी झालीत म्हणते. मला काय, मुंग्या त्या मुंग्याच.

आता कळलं. लेकीचं माप घेणं संपलेलंच नाही. मीच पोरीला परत उभं केलं.

लेकीला शिकवलं मी. "झालं, काढ" मी म्हणू शकते. म्हटलं की ती जाईल. कायमची.

म्हणायचं एवढंच.

बुधवार

म्हटलं नाही.

बिट्टीला बाजूला केलं. फ्रॉक माझ्या खांद्यावर घेतला आणि खिडकीशी उभी राहिले. म्हटलं, एकदा तिचे हात लागू देत, मग म्हणेन.

पहिली टाचणी डाव्या खांद्यावर. तिरकी. लहानपणी माझ्याच अंगावर शिकली ती, आणि नेमकी इथेच तिरकी लावायची. किती रागवायचे मी!

टोचलं का?

नाही ग माझे बाई. नाही.

गुरुवार

बिट्टीचा हात सुटला. अक्षर सुरेख आलं म्हणते.

माझी पावलं बधिर झाली. जावई पाया पडले, म्हणाले, आई, म्हणून टाका. उद्या म्हणते म्हटलं.

तिच्या बोटांना अजून मशीनच्या तेलाचा वास येतो —

शुक्रवार

कंबरेपर्यंत काही कळत नाही. ती विचारते, मी नाही म्हणते. खोटं नाही आता. टोचतच नाही.

बिट्टी दाराशी उभी राहून विचारत होती, आजी, तुझं झालं की मग परत माझी पाळी का —

शनिवार

ओठांना मुंग्या. जिभेवर चढताहेत. मी गप्प झाले तर ती पोरीकडेच वळेल. इतकं बोलले सगळ्या जन्मात, आणि एवढे दोनच शब्द —

बिट्टी, जवळ ये. नाही, तिथेच थांब. लिही.

लेकी, छान शिवलंस. कुठ्ठे टोचलं नाही. आता —

झालं, का —