पाऊण गोळी

सोमवार, ४ मार्च
सकाळी ७.१०

आज सकाळी अंघोळ आणि प्रार्थना उरकून एक गोळी कापली. चार तुकडे. तीन घेतले, चौथा चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवला. हात जरासुद्धा हलला नाही. सव्वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतोय, एका गोळीचं काय ते.

रोजनिशी आजपासून सुरू. पुढेमागे विसरायला नको म्हणून लिहितो: ही मनाची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. त्याआधी दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भिंत फिकट निळी होती.

आता उत्तम आहे. डॉक्टरही म्हणाले, कमी करून बघू. पाव गोळी कमी करायची, दीड-दोन महिने थांबायचं, मग पुढची पाव. दर महिन्याला येऊन दाखवायचं. सगळं मिळून नऊ महिने, कदाचित वर्ष.

नऊ महिन्यांत आख्खं मूल होतं. मी दर आठवड्याला पाव कमी करणार. २५ मार्चला शून्य.

डॉक्टरांनी असंही बजावलं, की घरातल्या एकाला सांगून ठेवा, तुमच्यातला फरक तुमच्याआधी त्यांना दिसेल. घरात आम्ही दोघंच, मी आणि ही. त्या दोघांतला एक मी आहे. स्वतःला सांगून ठेवलं.

देवालाही शब्द दिला. महिनाअखेर तुझ्यासमोर स्वतःच्या मनाने उभा राहीन, गोळीच्या नाही.

मंगळवार, ५ मार्च

झोप छान. भूक छान. लोक या गोष्टीचा उगाच बाऊ करतात.

दुकानात एक निवृत्त गुरुजी आले होते. आपल्याला चष्मा लागत नाही हे सिद्ध करायला अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मालकांना संशय आला. त्यांनी गुपचूप तक्ता बदलला. गुरुजींनी पुन्हा तीच ओळ म्हटली. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याचं आश्चर्य वाटलं. दिवसभर करमणूक झाली.

सोमवार, ११ मार्च

अर्धी गोळी. वेळापत्रक मिनिटाला मिनिट. आज सुरीऐवजी दुकानातल्या काच घासायच्या चकतीवर गोळी धरून बघितली, कड सरळ यावी म्हणून. गोळीचं पीठ झालं. त्यातलं निम्मं अंदाजाने घेतलं, निम्मं फुंकरीने गेलं. प्रयोगात असं व्हायचंच.

ही म्हणाली, शर्टाच्या खिशाला पांढरं काय लागलंय. खडू, म्हणालो. ती म्हणाली, चष्म्याच्या दुकानात खडू. मी म्हणालो, हो. विषय तिथेच संपला. हिला फारसं काही लक्षात येत नाही ते एका अर्थी बरंच आहे.

गुरुवार, १४ मार्च

किंचित चक्कर. नवीन चपला.

शुक्रवार, १५ मार्च

जुन्या चपला घातल्या. चक्कर आहेच. पंखा फार जोरात फिरतो.

झोप छान, फक्त पहाटे तीनपर्यंत. पहाटे उठून प्रार्थना केली. एरवी दहा मिनिटांत आटोपते, आज दीड तास चालली. भक्ती वाढते आहे. मधेच रडू आलं, पण ते भक्तीचं.

सोमवार, १८ मार्च

पाव गोळी. आता काय, उंबऱ्यावर पोचलोच.

एक नवीन प्रकार. काच घासताना कामाच्या चिठ्ठीवरून काचेकडे नजर वळवली की डोक्यात झट्ट होतं. अर्ध्या सेकंदाचं, पण शॉक तो शॉक. बारापर्यंत नऊ वेळा बसला. नीट विचार केला. मशीनमध्ये करंट उतरतोय हे उघड आहे. पाण्याच्या धारेखाली चालणारं मशीन, पन्नाशीला आलेला माणूस, जिवाशी खेळ. मालकांना सांगितलं. मालक वयाने लहान, मला काका म्हणतात. म्हणाले, काका, मी तर सकाळपासून तिथेच हात धुतोय. मी म्हणालो, तरुण रक्ताला जाणवत नाही.

मंगळवार, १९ मार्च

रबरी चपला घालून काम. तरीही झट्ट. मशीन फारच बिघडलेलं दिसतंय.

घरी येताना जिन्यातही झट्ट. जिन्यालासुद्धा करंट?

बुधवार, २० मार्च

गुरुजी चष्मा न्यायला आले (शेवटी लागलाच). घालून म्हणाले, मला आता दोन दरवाजे दिसतात. मालकांनी तपासलं. उजवी काच डावीकडे बसली होती, डावी उजवीकडे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मालक माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला अपमानास्पद वाटलं आणि तसं मी मोठ्याने सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर. गुरुजीच म्हणाले, जाऊ द्या हो, माणूस आहे.

तापट झालो असं नाही. स्पष्टवक्ता झालो.

गुरुवार, २१ मार्च

मालकांनी वायरमनला बोलावलं. जाड मिशांचा, अतिशय सावकाश माणूस. मशीन उघडलं, मीटर लावला, टेस्टर लावला, ओल्या हाताने धरूनही बघितलं. म्हणाला, भाऊ, या मशीनचं अर्थिंग माझ्या लग्नापेक्षा मजबूत आहे.

मी म्हणालो, मग मला शॉक बसतो तो काय मी कल्पनेने बसवून घेतो? त्याने विचारलं, कुठे बसतो. हाताला? मी म्हणालो, डोक्यात, नजर बाजूला वळवली की. त्याने टेस्टर खिशात ठेवला, दाराकडे बघितलं, मालक बाहेर आहेत याची खात्री केली आणि हळूच विचारलं, भाऊ, कुठली गोळी सोडलीत?

मी म्हणालो, व्हिटॅमिनची.

तो स्टुलावर बसला. म्हणाला, मी पण सोडली होती, दोन वर्षांपूर्वी, एका झटक्यात. असेच शॉक बसायचे. मी वायरमन, मला दुसरं काय सुचणार. घरचा मेन बोर्ड दोनदा बदलला. बायको म्हणाली, आता भिंत पण बदला.

मला हसू आलं. भिंत म्हटल्यावर थांबलं.

जाताना त्याने पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. दर गुरुवारी साडेपाच, दवाखान्याची मागची खोली, जिथे लशींचा फ्रीज आहे तिथे. गोळ्या कमी करणारे काही लोक जमतात. म्हणाला, काही आणू नका, नुसते या. मी सांगितलं की मला गरज नाही.

सोमवार, २५ मार्च

शून्य.

जिंकलो. दिवसभर पडून होतो, रविवारची विश्रांती राहिली होती म्हणून. कामाला गेलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो नव्हतो, मुद्दाम छताकडे बघत होतो.

संध्याकाळी देवासमोर उभा राहिलो, दिलेल्या शब्दाप्रमाणे. काय म्हणायचं ते आठवेना. नुसता उभा होतो. पाय दुखले तसा बसलो.

मंगळवार, २६ मार्च

भिंतीकडे कूस बदलली गेली. झोपेत.

बुधवार, २७ मार्च

विचार केला. माझ्यासारख्या माणसाने जिंकून गप्प बसणं स्वार्थीपणाचं आहे. त्या गुरुवारच्या लोकांना मार्गदर्शनाची गरज असणार. उद्या जातो. तीन पानी भाषण लिहिलं, ‘इच्छाशक्ती: एक अनुभव’. लिहिताना दोनदा उलटी झाली. जेवणातलं काहीतरी.

गुरुवार, २८ मार्च
रात्री ८

गेलो होतो. सविस्तर लिहितो, नंतर स्वतःच म्हणेन की असं झालंच नाही.

सहा खुर्च्या, एक किटली. वायरमनने शेजारची खुर्ची पुढे सरकवली, ओळख दाखवण्याचा गाजावाजा केला नाही. चालवणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. सिस्टरने सांगितलं, इथे कुणी कुणाला गोळी कमी कर की वाढव सांगायचं नाही, ते डॉक्टरांशी ठरवायचं. इथे आठवडा कसा गेला तेवढंच सांगायचं.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. चौदा महिने झाले, अजून पाव शिल्लक आहे. म्हणाल्या, या महिन्यात आई आजारी, म्हणून डॉक्टरांना विचारून काहीच कमी केलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही न केल्याबद्दल टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. बाई इतक्या मजेत होत्या की मला राग आला. चौदा महिने आणि ही मजा.

माझी पाळी आली. सिस्टरने विचारलं, झोप? छान. भूक? छान. चिडचिड? अजिबात नाही. मग म्हणाल्या, दादा, काल दुपारी काय जेवलात?

मला आठवेना. परवाचंही आठवेना. का कोण जाणे, तक्त्यासमोर उभे असलेले गुरुजी डोळ्यांपुढे आले.

उठून भाषण काढलं. पहिली ओळ ‘बंधुभगिनींनो, मन म्हणजे घोडा आहे’ इथपर्यंत वाचली. त्यानंतर अकरा मिनिटं रडलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून आकडा नक्की. वायरमनने माझ्या हातातले कागद घेतले आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवले. कुणी पाठ थोपटली नाही, कुणी उठून गेलं नाही. शिवणकामवाल्या बाई चहा गाळत होत्या.

मग सिस्टरने विचारलं, हे सगळं घरात कुणाला माहीत आहे? मी म्हणालो, आहे ना. एकाला. कुणाला? मला.

सगळे हसले. मीही हसलो. महिन्यात पहिल्यांदा मोकळेपणाने, आणि डोक्यात झट्ट न होता.

सिस्टर हसता हसता थांबून म्हणाल्या, दादा, तुम्ही पडाल अशी भीती नाही मला. पडल्यावर कुणाला कळणार नाही याची भीती आहे. घरी सांगा आणि दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा.

शुक्रवार, २९ मार्च

आज हिला सांगणार होतो. तिने मोठं कपाट आवरायला काढलं होतं. योग्य वातावरण नव्हतं.

रविवार, ३१ मार्च

आज नक्की. पण तिचा मूड चांगला होता. चांगला मूड वाया घालवू नये.

सोमवार, १ एप्रिल

आज सांगितलं तर चेष्टा वाटेल.

गुरुवार, ४ एप्रिल

खोलीत गेलो. सिस्टरने विचारलं, सांगितलं? मी म्हणालो, तारीख ठरतेय. वायरमन म्हणाला, भाऊ, मेन बोर्ड मी दोनदा बदलला, तुम्ही तिसऱ्यांदा बदलताय.

शिवणकामवाल्या बाई फाटकापर्यंत सोबत आल्या. म्हणाल्या, पहिल्या वेळी मी पण एकटीनेच सोडली होती. तेव्हा सात महिने माझं मशीन बंद होतं. या वेळी एक दिवस पण नाही.

सात महिने. मी दोनच काढले होते, तेही निळ्या भिंतीसमोर.

शुक्रवार, ५ एप्रिल
संध्याकाळी ७

सांगितलं.

ही भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, मी गोळ्या सोडल्या आहेत, एकट्याने, तीन आठवड्यांत, आणि मला फार वाईट वाटतंय. एका दमात.

तिने वर बघितलं नाही. म्हणाली, खडू लागला त्या दिवशीच कळलं मला.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, विचारलं तर तुम्ही छान म्हणता. डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, आणा, लवकर आणा. तुम्ही ओढून येणारे नाहीत. म्हणून दर शनिवारी दहाची वेळ घेऊन ठेवते, आणि सकाळी फोन करून पुढे ढकलते. तिथली मुलगी आता माझा आवाज ओळखते. या शनिवारी पुढे ढकलणार नव्हते, ओढूनच नेणार होते. मालकांना पण सांगून ठेवलंय.

रात्री तीनला मी प्रार्थनेला उठायचो तेव्हा ती जागी असायची. हेही आज कळलं.

मी म्हणालो, पण मी देवाला शब्द दिला होता. ती म्हणाली, देवासमोर चष्मा काढून उभे राहता का? मी म्हणालो, डोळे मिटलेले असतात, चष्म्याने फरक पडत नाही. हा मुद्दा मी जिंकलो. तिने निवडलेली भाजी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, धुऊन आणा.

रविवार, ७ एप्रिल
सकाळी ७.१०

काल डॉक्टरांकडे गेलो. दहाची वेळ होती, दहाला पोचलो. तिथली मुलगी हिला म्हणाली, आले वाटतं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. पाऊण गोळी पुन्हा सुरू. आधी स्थिर व्हायचं, मग अगदी थोडी थोडी कमी, तीही कमी ताकदीच्या तयार गोळीने, चकतीवर घासून नाही. मी विचारलं, गेला महिना हिशेबात धरायचा का? नाही, म्हणाले. नऊ महिने आजपासून. कदाचित वर्ष.

आज पाऊण गोळी घेतली. ही समोर उभी होती, हात पुढे करून. पाण्याचा रिकामा पेला तिच्या हातात दिला.