दर्यातला घोंगडीवाला

प्रिय भैरवी,

अनेक आशीर्वाद. मेल सोडून कागद कशाला, म्हणशील. तुमच्या संशोधन तळाच्या, पार दक्षिणेकडच्या मॅरियन बेटावर वर्षातून एकदाच जहाज येतं, त्याच्या टपालात हे पडावं म्हणून महिनाभर आधी केपटाउनला पाठवते आहे. तेच जहाज तुला परत आणणार, हे माझ्या ध्यानात आहे.

मुलांच्या पुस्तिकेसाठी तुला फर सीलचं मराठी नाव हवं होतं ना? मार्गशीर्षात तुझा मेल आला तेव्हा घरात तोच विषय. याचे कान बाहेर दिसतात, म्हणून हा खरा सील नव्हे, जलसिंहाचा चुलत भाऊ, असं मी हरणाबाईला सांगितलं. भांडी घासता घासता ती म्हणाली, कान हायत, पन ऐकतो का सांगितलेलं? म्हटलं, आमच्या भैरवीलाही कान आहेत.

मी नाव काढलं ऋक्षशीर्ष. शास्त्रीय ग्रीक नावाचा अर्थही अस्वलडोक्या, आणि त्यांचा आर्क्तोस नि आपला ऋक्ष एकाच आजीची नातवंडं. तीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं चीज झालं म्हणून मी खूश. तर बाबा पलंगावरून म्हणाले, अगं, वर राठ केस, आत दाट लोकर, गार पाण्यात कातडीला थेंब शिवत नाही. हा तर दर्यातला घोंगडीवाला! मी नाक मुरडलं. मग त्यांनी तू मेलसोबत पाठवलेला नकाशा पुन्हा पाहिला. एक जात पार उत्तरेला, बहुतेक दक्षिणेला, आपल्या किनाऱ्यावर एकही नाही. म्हणाले, शहाणा आहे, आपल्या उन्हात घोंगडी पांघरून कोण बसेल?

गर्भाचंही तू लिहिलं होतंस. मादीच्या पोटात तो रुजण्याआधी तीन-चार महिने नुसता थांबून राहतो. बाबा म्हणाले, ही तर देवीची मंचकी निद्रा. आश्विनातल्या आणि पौषातल्याही नवरात्राआधी आपली भवानी पलंगावर निजते, वेळ झाली की उठते, तसंच. बोलताना त्यांना धाप लागत होती. ते तुला कळवलं नव्हतं.

जानेवारीपासून तू लिहितेस की बाबा हल्ली मेलमध्ये फार विनोदी झालेत, आई मात्र अजून शुद्धलेखनच तपासते. वाचून हसू आलं. पेंग्विनांना कचेरीतले शिपाई म्हणणारे ते नव्हते गं. मी होते. पौषात देवी पलंगावर असतानाच ते गेले. आदल्या दिवशी म्हणाले, जहाज येईपर्यंत पोरीला सांगू नको, तिथं रडून ती जाणार कुठं? मी ऐकलं. ते चूकही असेल. चार महिने त्यांच्या नावानं लिहिताना मला मात्र ते घरात असल्यासारखं वाटायचं, हेही कबूल करते.

समुद्रावरून परतलेली मादी शेकडो पिल्लांच्या कल्लोळात आपलं पिल्लू आवाजावरून ओळखते, असं तू लिहिलंस. सोलापूर स्टेशनात मी उभी असेन. रागावलेली असलीस तरी हाक मार. आणि पुस्तिकेत घोंगडीवालाच घाल, ऋक्षशीर्ष मी मागे घेतलं. तो विनोद त्यांचा स्वतःचा. जानेवारीपासूनचे सगळे माझे.

तुझीच, या पत्रात एकटीच,
आई